जेऊरच्या रानातली दोन मिनिटं

पुण्याहून सोलापूरकडे निघालं, भिगवण मागे पडलं आणि उजनीचं पाणी खिडकीतून दिसेनासं झालं, की थोड्या वेळात जेऊर येतं. बहुतेकांना ते करमाळ्याला जायला उतरायचं स्टेशन म्हणून माहीत. माझं ते गाव. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, त्यामुळे माझं सगळं बालपण त्या फलाटावर गेलं. आणि तरीही माझ्या वयाची चाळिशी उलटेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही, की एकेकाळी सूर्य बघायला कॅलिफोर्नियाहून माणसं याच स्टेशनावर उतरली होती.

२२ जानेवारी १८९८. पौषातली अमावस्या, तीही शनिवारी. त्या दुपारी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून शिरून महाराष्ट्र ओलांडत पुढे गेली. विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर येऊन बसले होते, वऱ्हाडात तळणीला वॉल्टर आणि ॲनी माँडर हे खगोलशास्त्रज्ञ जोडपं. जेऊरला आमच्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली दुर्बिणी घेऊन आले. आणि कॅलिफोर्नियातल्या माउंट हॅमिल्टन डोंगरावरच्या लिक वेधशाळेतून आले खगोलशास्त्रज्ञ विल्यम वॉलेस कॅम्पबेल, सोबत पत्नी एलिझाबेथ. ग्रहणासाठी घर सोडून निघायची कॅम्पबेल यांची ती पहिलीच वेळ. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची.

कॅम्पबेल ओहायोतल्या शेतकऱ्याच्या घरचे. मिशिगन विद्यापीठात इंजिनिअर व्हायला गेले आणि तिथल्या ग्रंथालयात सायमन न्यूकम यांचं खगोलशास्त्रावरचं पुस्तक हाती पडलं. दोन दिवस, दोन रात्रींत त्यांनी ते संपवलं आणि इंजिनिअरिंग तिथेच राहिलं. पुढे कोलोरॅडोला गणित शिकवताना एलिझाबेथ भेटल्या. त्या तिथे विद्यार्थिनी होत्या. १८९२ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि संसार मांडला तो डोंगरमाथ्यावर, ३६ इंची दुर्बिणीच्या शेजारी. ताऱ्यांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचा रंगपट्टा, घेऊन ते तारे आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत, आणि किती वेगाने, हे मोजणं हा कॅम्पबेल यांचा रोजचा उद्योग. त्यातले जाणकार म्हणून त्यांना मानलं जायचं. ग्रहणं त्यातून अधूनमधून.

जेऊरला आणलेला त्यांचा मोठा कॅमेरा ४० फूट लांबीचा होता. एवढी लांबी कशाला? भिंगापासून फोटोची काचेची प्लेट जितकी लांब, तितकी सूर्याची प्रतिमा मोठी. ४० फुटांवर ती साधारण साडेचार इंच भरते. बशीएवढी म्हणा. प्रभामंडळाचे, म्हणजे खग्रास वेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे, तंतू न् तंतू मग काचेवर उतरतात. ती सगळी खोकी, भिंगं, काचेच्या प्लेटा आमच्या स्टेशनावर उतरताना कशी दिसली असतील, हे मी कितीदा मनात रंगवलंय. ‘सांभाळून’ हा शब्द हमालांनी त्या दिवसांत कुठल्या कुठल्या भाषेत ऐकला असेल!

काळही कसला होता. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळलेला आणि पुण्या-मुंबईत प्लेग. लोक घरं सोडून पळत होते, अशा दिवसांत ही मंडळी दोन मिनिटांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडून आली. मला याचं कौतुक वाटतं, आणि ते सांगताना मी कधी कचरत नाही.

मला जास्त ओढ एलिझाबेथबाईंची. नवऱ्यासोबत हिंडायला आलेली बाई म्हणून त्यांच्याकडे बघणं चूक आहे. मुक्कामाची आणि जेवणाखाण्याची घडी बसवणं ही एवढ्या मोठ्या मोहिमेत अर्धी लढाई असते, ती त्यांनी सांभाळली आणि या प्रवासांच्या आठवणी लिहूनही ठेवल्या. जेऊरच्या वर्षी त्यांचा डग्लस दीड वर्षाचा होता. हाच डग्लस पुढे पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला. ५ जून १९१८ ला तो फ्रान्सच्या आकाशात जखमी झाला आणि तिसऱ्या दिवशी, ८ जूनला, त्याचे वडील वॉशिंग्टन राज्यात गोल्डनडेलला ग्रहणासाठी उभे होते. या दोन तारखा शेजारी शेजारी वाचल्या तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. मुलगा बरा होऊन परत आला.

त्याआधी, १९१४ मध्ये, कीवजवळ ब्रोव्हरीला ग्रहणाच्या वेळी कॅम्पबेल यांच्या नशिबी ढग आले. वर महायुद्ध पेटलेलं, त्यामुळे यंत्रं रशियातच अडकली. नंतर एका पत्रात त्यांनी लिहिलं, की अशा वेळी माणसाला वाटतं मागच्या दाराने घरी जावं आणि कुणाचं तोंड बघू नये. हे मला अक्षरशः कळतं. २२ जुलै २००९ ला मी बायको आणि मुलीला घेऊन खग्रास ग्रहण बघायला बिहारमध्ये तारेगणाला गेलो होतो. पहाटे सगळं गाव माळरानावर जमलेलं, आणि वर नुसती राखाडी गोधडी. अंधार झाला, पाखरं चिडीचूप झाली, पुन्हा उजाडलं. सूर्य दिसलाच नाही. परतीच्या गाडीत आम्ही तिघं पाटण्यापर्यंत बोललो नाही.

कॅम्पबेल दांपत्य मात्र पुन्हा निघालं. २१ सप्टेंबर १९२२, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वालाल किनारा. आकाश निरभ्र, पाच मिनिटांहून जास्त अंधार. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वाकेल, असं आइन्स्टाईन यांचं गणित सांगत होतं. एका अंशाचे ३६०० भाग केले, तर त्यातले पावणेदोन. वालालच्या प्लेटांनी त्याला भक्कम दुजोरा दिला. जेऊरपासून तिथवर चोवीस वर्षं लागली, आणि दोन्हीकडे एलिझाबेथबाई होत्या.

गेल्या जानेवारीत मुलीला घेऊन गावी गेलो. शाळू हुरड्यात आला होता. काकांच्या गोठ्याच्या दारापासून आतल्या भिंतीपर्यंत अंतर कमी पडलं, म्हणून दोरीने ४० फूट मोजून आम्ही बाहेर अंगणात आलो. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवला, त्याला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं आणि उन्हाचा कवडसा अंधाऱ्या भिंतीवर टाकला. शेणामातीच्या भिंतीवर गोल, थरथरता सूर्य उमटला. मुलीने पट्टी लावली. साडेचारच्या किंचित वर.

तिने खडूने त्याच्याभोवती गोल काढला आणि मोबाइलवर वेळ लावली. कवडसा हळूहळू डावीकडची खडूची रेघ ओलांडायला लागला. काकू हुरड्याची परात घेऊन दारात येऊन थांबल्या, ‘‘काय मोजताय गं?’’ म्हणाल्या. मुलगी भिंतीवरची नजर न हलवता म्हणाली, ‘‘थांबा काकीआजी, दोन मिनिटं.’’ तेवढ्या वेळात सूर्य जवळजवळ सगळाच गोलाबाहेर गेला होता.