नट बदलतो तेव्हा

सांगलीत आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला येणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका मी कित्येक वर्षे मन लावून बघते आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि तिचा नायक दर काही वर्षांनी बदलतो, हेही कुठून तरी कानावर आलेले असते. मग कुणीतरी म्हणते, "ताई, ज्याच्यावर जीव जडला तो नटच निघून गेला, तरी तुम्ही तीच मालिका कशी काय बघता?" तालमीच्या मधल्या वेळात याचे उत्तर पुरे होत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडेसे. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर दाखवला गेला. व्हेरिटी लॅम्बर्ट ही तरुण निर्माती होती आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले होते. नायक परग्रहावरचा, स्वतःला नुसते 'डॉक्टर' म्हणवणारा. तो काळात आणि अवकाशात फिरतो ते टार्डिस नावाच्या यानातून. बाहेरून ते लंडनच्या रस्त्यावर पूर्वी असायची तशी पोलिसांची निळी टेलिफोन-पेटी दिसते आणि आत पाऊल टाकले की अवाढव्य असते. १९८९ मध्ये मालिका बंद पडली, १९९६ मध्ये एक दूरचित्रपट येऊन गेला आणि २००५ पासून ती पुन्हा नव्या दमाने सुरू झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल यांनी केला. १९६६ पर्यंत त्यांची प्रकृती इतकी ढासळली की काम पुढे रेटणे कठीण झाले. अशा वेळी निर्मात्यांपुढे दोनच वाटा दिसतात: मालिका गुंडाळायची किंवा हार्टनेल यांच्यासारखा दिसणारा आणि बोलणारा दुसरा नट उभा करायचा. त्यांनी तिसरीच वाट काढली. डॉक्टर मरणाला टेकला की त्याचे शरीर स्वतःला नव्याने घडवते, चेहरा बदलतो, स्वभावही बदलतो, स्मृती मात्र टिकते, असे त्यांनी कथेतच ठरवून टाकले. पॅट्रिक ट्राउटन आले ते हार्टनेल यांची नक्कल करायला नव्हेच. तापट, करड्या आजोबांच्या जागी बासरी वाजवणारा, गबाळ्या कपड्यांतला, वरवर भोळा वाटणारा माणूस आला.

नाटकवाल्यांना यात नवल वाटत नाही, कारण रिप्लेसमेंट आपल्या रक्तातच आहे. नट आजारी पडला, मुंबईला गेला, मालिकेच्या तारखा आडव्या आल्या, की दुसऱ्याला चार दिवसांत उभे करायचे, हे सांगलीत काय आणि पुण्यात काय, सगळीकडे चालते. परंतु आपल्याकडचा बदल कथेच्या बाहेर घडतो. 'मानापमाना'तला नायक धैर्यधर बदलला तर ते प्रेक्षकाला कळते, पेटीवाल्याला कळते, मध्यंतरात तुलना सुरू होते. पण नाटकातल्या नायिकेला, भामिनीला, त्याचा पत्ता नसतो. कालच्या आणि आजच्या धैर्यधराकडे तिने सारख्याच नजरेने बघावे, असा आपला संकेत आहे. 'डॉक्टर हू'मध्ये भामिनीला कळते. मी ही मालिका धरून बसले आहे ती एवढ्यासाठीच. ज्या माणसाची आपल्याला सवय झाली होती तो गेला, याचे दुःख आपल्याला एकट्याने करावे लागत नाही. ते कथेतल्या माणसांनाही होते आणि नव्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा पेचही त्यांच्यापुढेच असतो.

ट्राउटन यांच्या पहिल्याच कथेत, 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स'मध्ये, हे किती बारकाईने केले आहे ते सांगते. डॉक्टरचे सोबती, बेन आणि पॉली, समोरच्या अनोळखी माणसाकडे बघत उभे आहेत. पॉलीचे मन विश्वास ठेवायला तयार आहे, बेन मात्र पुरावा मागतो. डॉक्टरची अंगठी त्या माणसाच्या बोटात नीट बसतच नाही. तो माणूस हातात आरसा घेतो आणि त्याला क्षणभर जुना, हार्टनेल यांचा चेहरा दिसतो. 'मी तोच आहे' असे तो ठामपणे सांगतही नाही. उलट डॉक्टरविषयी बोलतो ते कुणा तिसऱ्याविषयी बोलावे तसे. प्रेक्षकाची अवस्था बेनसारखीच होते. मग एका वसाहतीच्या प्रयोगशाळेत डॅलेक, म्हणजे डॉक्टरचे जुने वैरी, त्याच्यासमोर येतात आणि त्यांच्यातला एक त्याला ओळखतो. मित्र साशंक असताना वैऱ्याने ओळख पटवून द्यावी, ही योजना मला आजही अतिशय सुंदर वाटते. नव्या नटाच्या प्रवेशाला याहून चांगला आधार कुठल्या नाटककाराने दिला असेल असे मला वाटत नाही.

या कथेचा पहिला भाग ५ नोव्हेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. सांगलीकराला ही तारीख वेगळी सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला आणि म्हणून हा दिवस मराठी रंगभूमी दिन झाला. हा निव्वळ योगायोग आहे, तरीही तो कळला त्या दिवसापासून मला तो फार जवळचा वाटतो.

भाव्यांचा तो प्रयोग आज कुणाला पाहता येणार नाही, हे उघड आहे. दुर्दैव असे, की ट्राउटन यांची ही पहिली कथाही मूळ रूपात पाहता येत नाही. व्हिडिओ टेप त्या काळी महाग होती, भाग पुन्हा दाखवण्याची प्रथा फारशी नव्हती, म्हणून टेपा पुसून त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम उतरवले गेले आणि परदेशी विक्रीसाठी केलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढे टाकून देण्यात आल्या. साठच्या दशकातल्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग असे गेले. हार्टनेल यांचा चेहरा विरघळून ट्राउटन यांचा उमटतो तो भागही गेला. ते रूपांतराचे काही क्षण तेवढे मुलांच्या 'ब्लू पीटर' या कार्यक्रमात पुन्हा दाखवले गेले होते म्हणून वाचले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे. घरोघरी काही चाहत्यांनी, त्यात शाळकरी मुलेही होती, टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. त्याच आवाजावर नवी चित्रे बेतून ही कथा ५ नोव्हेंबर २०१६ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, ॲनिमेशनच्या रूपात पुन्हा आली. संस्थेने जे पुसले ते प्रेक्षकांनी राखले. ही गोष्ट सांगताना मला भरून येते.

पुढे नट बदलत राहिले आणि प्रत्येक निरोपाची तऱ्हा वेगळी झाली. त्यातले दोन माझ्या मनात पक्के बसले आहेत. पहिला १९८४ मधला, पीटर डेव्हिसन यांचा. 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी' या कथेत डॉक्टर आणि त्याची नवी सोबती पेरी एका ग्रहावर उतरतात आणि आल्या आल्या एका विषारी पदार्थाच्या संपर्कात येतात. त्याच पदार्थापासून आयुष्य वाढवणारे औषध बनते, त्यासाठी तिथे युद्ध पेटलेले आहे. डॉक्टरला त्या युद्धाशी, त्यातल्या राजकारणाशी काही देणेघेणे नाही. खोल गुहेतून तो उतारा आणतो, पेरीला उचलून फुटणाऱ्या चिखलातून टार्डिसपर्यंत पोहोचतो आणि मग कळते की उतारा एकालाच पुरेल एवढा आहे. पेरी त्याच्याबरोबर येऊन एकच कथा झालेली आहे. दोघांची अजून धड ओळखही नाही. विश्व वाचवणारा हा माणूस शेवटी मरतो तो नुकत्याच भेटलेल्या एका मुलीसाठी आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या जागी कुणी परकाच उठून बसतो, तोही तिरसट. (पुढच्या कथेत हा नवा डॉक्टर भ्रमाच्या भरात तिचा गळा धरतो. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. एवढ्या त्यागानंतर त्या मुलीच्या वाट्याला असे यायला नको होते.)

दुसरा निरोप डेव्हिड टेनंट यांचा, १ जानेवारी २०१० चा. चार वेळा ठोठावण्याचा आवाज आला की तुझा अंत, असे भविष्य डॉक्टरला सांगितलेले असते. मोठी लढाई संपते, आपण वाचलो या आनंदात तो असतो आणि काचेवर हलकेच चार टकटकी ऐकू येतात. विल्फ्रेड नावाचा साधा म्हातारा दुसऱ्या कुणाला सोडवण्यासाठी काचेच्या खोलीत शिरलेला असतो आणि आता तिथे अडकलेला असतो. त्याला सोडवायचे तर दुसऱ्या कुणीतरी आत जाऊन जीव द्यायला हवा असतो. म्हातारा म्हणतो, मला राहू दे, माझे वय झाले आहे. डॉक्टर त्याच्यावर संतापतो, मला अजून किती करायचे होते म्हणून आकांत करतो आणि तरीही आत जाऊन त्याला बाहेर काढतो. तो आकांत फार मोलाचा आहे. नव्या शरीरात आपण उरणार असलो तरी हा 'मी' संपणार आहे, हे त्याला माहीत असते आणि जायची त्याची इच्छा नसते. म्हणूनच, डॉक्टर तर परत येणारच, मग त्यात काय एवढे, असे कुणी म्हटले की मी त्याला हा प्रसंग बघायला सांगते.

२०१७ मध्ये जोडी व्हिटेकर डॉक्टर झाल्या तेव्हा मला विचारणाऱ्यांचा सूर थोडा बदलला. पुरुषाची बाई कशी होईल, असे ते विचारू लागले. सांगलीच्या खाडिलकरांनी लिहिलेली भामिनी १९११ मध्ये बालगंधर्वांनी उभी केली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्यामुळे हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

मला मनापासून खटकला तो डिसेंबर २०२३ मधला बदल. त्यात परतून आलेले टेनंट आणि नवे डॉक्टर शूटी गाटवा एकमेकांपासून वेगळे होतात आणि दोघेही उरतात. जुना डॉक्टर आपल्या मैत्रिणीच्या घरी सुखाने राहायला जातो. गाटवा हे अत्यंत प्रसन्न नट आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण जुना गेलाच नाही तर नव्याने विश्वास कमवायचा कसा? ट्राउटन यांच्या बोटात न बसणाऱ्या अंगठीने जे साधले होते, ते इथे सोडून दिले गेले.

कुठून सुरुवात करावी, असेही विचारता, म्हणून सांगते. साठ वर्षांचे सगळे भाग ओळीने बघायला जाऊ नका. आधी 'अँड्रोझानी'चे चार भाग बघा, मागचे काही ठाऊक नसले तरी अडत नाही. मग ट्राउटन यांची ॲनिमेशनमधली कथा आणि त्यानंतर २००५ चा पहिला भाग, ज्यात दुकानात काम करणारी रोझ तळघरात जाते आणि तिथले पुतळे हलू लागतात. डीव्हीडी माझ्याकडे आहेत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी रविवारी दुपारी घरी यावे.