मांडवात आधीच ठरलेले रंग

सोमवार, रात्र

मुग्धाच्या लग्नाचं कार्यालय ठरलं, मार्गशीर्षातला गोरज मुहूर्त ठरला, पंगतीत श्रीखंड की जिलबी हाही वाद मिटला. रंगांचं मात्र अडलंय. डेकोरेशनवाला मुलगा आज फोटो घेऊन आला होता. फिकट गुलाबी पडदे, पांढरी ऑर्किड, हस्तिदंती खुर्च्या. "आंटी, आजकल सब पेस्टल ही करवा रहे हैं." मुग्धाला ते फार आवडलं, आणि बघायला मलाही छान वाटलं.

पण त्या सगळ्या फोटोंतली नवरी फिकट गुलाबी लेहंग्यात होती. आमची मुलगी गौरीहरापासून उठून मामाचा हात धरून येणार ती पिवळ्याधमक अष्टपुत्रीत. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर कुंकू, मोत्यांच्या मुंडावळ्या. समोर पांढरा अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. चारी बाजूंनी लाल अक्षता. पुढे काळी पोत. आपल्या लग्नात इतके रंग आधीच ठरलेले असतात की 'थीम' निवडायला आपण कोऱ्या कागदापासून सुरुवात करूच शकत नाही. त्या रंगांना जागा करून द्यायची आणि उरलेलं त्यांच्याभोवती बसवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. मला हे बंधन अजिबात वाटत नाही. उलट हळद, चुडा, कुंकू आधी हातात असले की काय वगळायचं ते लवकर कळतं.

हळद आणि कुंकू तर मुळात एकच. हळदीत चुना कालवला की पिवळ्याचा लाल होतो, जुन्या पद्धतीचं कुंकू असंच करायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलांना हे वर्गात करून दाखवत असे. चिमूटभर चुना पडला की ती लाली पसरताना बघून मुलं पुढे सरकायची. पिवळा आणि लाल एकमेकांशेजारी इतके नैसर्गिक दिसतात याचं मला म्हणून कधी नवल वाटलं नाही.

बुधवार

इंदूरचं एम.टी. क्लॉथ मार्केट आणि मग शीतलामाता बाजार. सोबत मुग्धा, आणि माझ्या पिशवीत हिरव्या बांगड्यांचा जोड आणि अष्टपुत्रीच्या रंगाचा एक तुकडा. दुकानात आतल्या दिव्याखाली रंग ठरवायचा नाही, हा माझा जुना हट्ट. प्रत्येक कापड घेऊन पायरीवर यायचं, उन्हाच्या कडेला सावलीत धरायचं. दुकानदार भला माणूस, "ले जाइए दीदी, बाहर देख लीजिए" म्हणत राहिला.

पायरीवर मी पिवळा तुकडा मांडीवर पसरला आणि त्यावर फिकट गुलाबी ठेवला. मुग्धाने स्वतःच भुवया आवळल्या. आतमध्ये गोड वाटणारा तो गुलाबी पिवळ्याला चिकटून बसताच जांभळट, आजारी दिसायला लागला. कापडात खोट नव्हती. ठसठशीत रंगाशेजारी फिका रंग ठेवला की डोळा त्या फिक्यात विरुद्ध रंगाची छटा बघतो, आणि पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये हे पद्धतशीर मांडलं. तो पॅरिसच्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग बघायचा. काळा रंग नीट चढत नाही अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. त्याने तपासलं तर काळा ठीकच होता, शेजारचे धागे त्याला फिका पाडत होते. मी हे मुग्धाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे रंग एकटा नसतोच गं आई." अगदी असंच.

मग डाळिंबी काढला. पिवळ्याजवळ तो खुलला, बांगड्यांजवळ आणखी खुलला. हिरव्याने लाल उजळतो आणि लालाने हिरवा. बांगडी उन्हात धरली तर काचेतून पोपटी उजेड पडायचा, सावलीत तीच गर्द बाटलीसारखी हिरवी. म्हणजे चुड्याचा हिरवा हा एक रंग नाहीच, मनगट हललं की तो बदलणार. त्याच्याशी कापडाचा हिरवा 'मॅच' करण्याचा नाद मी तिथेच सोडला. कापडात हिरवा घ्यायचा तर चांगला दोन पायऱ्या गडद घ्यायचा, म्हणजे चुडा त्यावर चमकेल.

घरी आल्यावर आईंशी बोलणं झालं. सासूबाई एरवी कशात पडत नाहीत, पण नवरदेवासाठी गडद निळा बंदगळा ठरतोय कळल्यावर म्हणाल्या, "निळा म्हणाल आणि फोटोत काळा येईल. मांडवात काळा नको गं." काळ्याचं त्यांना वावडं नाही. संक्रांतीला चंद्रकळा त्या आवडीने नेसतात. मांडवात मात्र काळा शोभेल तो फक्त पोतीच्या मण्यांत, असं त्यांचं म्हणणं. आणि रंगाच्या हिशोबानेही ते बरोबर आहे. पिवळ्या दिव्यांत निळा भाग फार कमी असतो, त्यामुळे गडद निळा त्यांच्याखाली खरंच काळा दिसतो. जावईबापूंना मी फोनवर तसं सांगितलं. मोतिया रंगाचा बंदगळा आणि डाळिंबी उपरणं त्यांनी लगेच मान्य केलं.

शनिवार, महेश्वर

महूवरून जाम घाट उतरून मंडलेश्वरमार्गे गेलो. घाटातून खाली निमाडचा प्रदेश दिसायला लागला की मला दर वेळी श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं.

आजचा दिवस मी विसरणार नाही. अहिल्याबाईंच्या (1725–1795) आश्रयाने या गावातलं विणकाम वाढलं. पुढे माग बंद पडत गेले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकरांनी विणकरांसाठी रेहवा सोसायटी सुरू केली तेव्हा ते पुन्हा हलले. आज गल्लीत शिरलं की खटखट ऐकू येते. आम्ही ज्या विणकरकाकांकडे बसलो त्यांनी कापड दाखवायच्या आधी धागे दाखवले. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, रेशमी लाल एका बोटाला गुंडाळला, बाण्याचा, म्हणजे आडव्यांतला, सुती पिवळा त्यावर, आणि दोन्हींना पीळ देऊन बोट खिडकीकडे वळवलं. एका बाजूने केशरी, हात फिरवला की लाल. "धूपछाँव," म्हणाले. रंग मिसळलेले नाहीत, दोघं आपापल्या जागी आहेत, आणि तिसरा रंग फक्त आपल्या डोळ्यात तयार होतो. मी इतकी वर्षं मुलांना पाण्याच्या रंगांनी जे शिकवायचा प्रयत्न केला, ते त्या बोटावर दिसत होतं.

मग त्यांनीच आमचा प्रश्न सोडवला. करवल्यांना आणि आत्या-मावश्यांना एकसारख्या साड्या द्यायच्या की वेगवेगळ्या, यावर घरात दोन तट होते. एकसारख्या म्हणजे बँडपथक वाटतं, वेगवेगळ्या म्हणजे पसारा. काका म्हणाले, ताणा तर मागावर लांबलचक चढवलेला असतो, एकावर कितीतरी साड्या निघतात. ताणा सगळ्यांना डाळिंबी ठेवा, बाणा दर साडीला बदला. एकीचा पिवळा, एकीचा जांभळा, एकीचा अंगूरी हिरवा, एकीचा तोच डाळिंबी. पाच पट्ट्यांचा पदर आणि काठ सगळ्यांचे सारखे. दूरून बघितलं तर सगळ्या एकाच घरच्या, जवळून प्रत्येकीची वेगळी. मुग्धाने काकांच्या हातातला धागा घेतला आणि तो सोडेचना. बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, म्हणजे लग्नानंतरही साडी उलटून सुलटून वापरली जाईल. मावशीला हे ऐकून सर्वात जास्त आनंद झाला.

मंगळवार

संध्याकाळी तुकडे घेऊन कार्यालयात गेले. गोरज मुहूर्त, म्हणून त्याच वेळी. उजेड उतरायला लागला की लाल आधी काळवंडतो, हिरवा-निळा उशिरापर्यंत तग धरतो. बाहेर लॉनवर डाळिंबी पाहता पाहता विझला. स्टेजवरच्या पिवळट बल्बखाली अष्टपुत्री छान तापली, पण मागचा हिरवा मळकट झाला. डेकोरेशनवाल्याला सांगितलं, स्टेजला चार हजार केल्विनच्या आसपासचे, म्हणजे ना फार पिवळे ना फार निळसर, असे दिवे लाव, आणि लॉनवर अंधार पडायच्या आधीच माळा सुरू कर. त्याने वहीत लिहून घेतलं. मुलगा मन लावून काम करणारा आहे.

फुलांचंही ठरलं. मार्गशीर्षात झेंडू भरपूर, तो सगळा दारात, तोरणांत आणि पंगतीच्या हॉलमध्ये. स्टेजच्या मागे मात्र पिवळं एकही फूल नाही, नाहीतर पिवळी नवरी पिवळ्यात हरवेल. तिथे गर्द हिरवी पानं, पांढरा निशिगंध, आणि दोन्ही कडांना डाळिंबी कापड. आंब्याचे डहाळे घरचेच.

मुग्धाचा फिकट गुलाबी मी टाकला नाही. तिला तो मनापासून हवा आहे. संगीताची संध्याकाळ पूर्ण तिच्या मनाने, तिथे ना हळद ना चुडा, तिथे तो रंग सुंदर दिसेल. पत्रिकेचा कागदही त्याच रंगाचा घेतला, वर डाळिंबी अक्षरं.

आता शालू तेवढा राहिला. तो विहीणबाईंकडून येणार, आणि तो रंग त्यांचाच. आज फोनवर त्या म्हणाल्या, "तुम्ही जे ठरवलंय त्याचे तुकडे पाठवा, म्हणजे मला दुकानात सोबत नेता येतील." मला फार बरं वाटलं. डाळिंबी, गर्द हिरवा, अष्टपुत्रीचा पिवळा, तिन्हींचे तुकडे कातरून पाकिटात भरले आहेत, वर कागदावर लिहिलंय: दुकानाच्या बाहेर येऊन बघा.