शोध लागला असे म्हणायचे का? नववीच्या वर्गातल्या रेडिओविषयी

प्रयोगशाळेच्या ओट्यावर तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर, फळ्यावर सहा कठीण शब्द आणि समोर नववीची ४६ मुले, एवढ्या सामग्रीवर मी गेली काही वर्षे दर शनिवारी, सकाळच्या शाळेचा शेवटचा तास घेते. त्या तासाला आम्ही रेडिओवरच्या विज्ञानचर्चा ऐकतो. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा ‘सायन्स इन ॲक्शन’, अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेला ‘सायन्स फ्रायडे’ आणि ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवर १९७५ साली सुरू झालेला ‘सायन्स शो’ हे माझे नेहमीचे पाणवठे. जुने भाग पॉडकास्टच्या रूपात मिळत असल्यामुळे प्रसारणाची वेळ गाठावी लागत नाही.

पहिल्या वर्षी मी सपशेल तोंडघशी पडले होते. उत्साहाच्या भरात मी अर्ध्या तासाचा अख्खा भाग लावला. आमची मुले सेमी-इंग्रजीची. पुस्तकातले इंग्रजी ती वाचतात, परंतु तेच शब्द परक्या हेलात भराभर कानांवर आले की त्यांची दाणादाण उडते. मागचे दोन बाक डुलक्या काढू लागले, पुढच्यांनी ऐकल्याचे सोंग सभ्यपणे वठवले, आणि एका मुलीच्या वहीत तासाअखेर एकच नोंद सापडली: ‘ॲक्च्युअली’ हा शब्द ३१ वेळा आला. मला त्या मुलीचा राग आला नाही, कारण वर्गात काहीतरी मोजणारी ती एकटीच होती. आता मी जेमतेम सहा मिनिटांचा तुकडा निवडते आणि तो तीनदा ऐकवते. पहिल्यांदा वही बंद. दुसऱ्यांदा, बोलणारा शास्त्रज्ञ जिथे थबकेल, शब्द बदलेल किंवा ‘पण’ म्हणेल तिथे हात वर करायचा. तिसऱ्यांदा मजकूर लिहिलेला कागद हातात.

या साऱ्या खटाटोपाचे कारण त्या दुसऱ्या ऐकण्यात आहे. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. त्यात केप्लर आणि न्यूटन कुठेही अडखळत नाहीत. पाठ्यपुस्तकाने ठाम असावे हे मला मान्य आहे, परंतु त्यामुळे विज्ञान म्हणजे कधीच शिजून झालेला आणि आता फक्त वाढायचा स्वयंपाक अशी मुलांची समजूत होते. शास्त्रज्ञाचा आवाज ऐकला, की तो अजून चुलीपाशीच उभा आहे हे कळते.

जून २०२३ च्या अखेरीस झालेल्या घोषणेवरची चर्चा मी दरवर्षी ऐकवते. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी, आणि युरोपीय गटाच्या जोडीने आपल्या भारतीय गटानेही, अतिशय मंद अशा गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसवत जाणाऱ्या तरंगांची, सर्वदूर पसरलेली पार्श्वभूमी असल्याचा पुरावा मांडला. या लहरींचे एक आंदोलन पुरे व्हायला वर्षानुवर्षे लागतात. भारतीय मोजणी खोडदच्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीतून झाली होती. पुण्याला जाताना नारायणगावला मसाला दुधासाठी थांबणाऱ्या मुलांना, तिथून जवळच्याच परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत हे सांगितले, की वर्गातला डुलकीचा अंमल उतरतो.

मोजणीची रीत अशी. स्वतःभोवती गरगर फिरणारे काही मृत तारे, म्हणजे पल्सार, उत्तम घड्याळासारखे नियमित ठोके पाठवतात. लहर मधून गेली, तर ठोका सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी फरकाने लवकर किंवा उशिरा पोहोचतो. मात्र एकाच पल्सारचा ठोका चुकला, तर दोष त्याचा, वाटेतल्या वायूचा किंवा आपल्या घड्याळाचाही असू शकतो. हा मुद्दा माझ्या समजावण्याने कोणाच्या गळी उतरत नव्हता. पंचवटीतून येणाऱ्या एका मुलाने तो सोडवला. आमच्या नाशिकमध्ये गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. तो म्हणाला, “मॅडम, दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं म्हणून लगेच पूर म्हणायचा नाही. नळ फुटला असेल. पण वरच्या घाटापासून खालच्या पुलापर्यंत सगळीकडे पाणी हिशेबात चढलं, तर धरणातून सोडलंय.” अनेक पल्सारांच्या ठोक्यांतले फरक, त्यांच्यामधल्या कोनानुसार अपेक्षित असलेल्या हिशेबात जुळत आहेत का, हेच तर त्या गटांनी तपासले होते. मी निमूटपणे त्याचे उदाहरण चोरले आहे.

आता त्या चर्चांमधला थबकण्याचा भाग. निवेदक उत्साहाने ‘शोध’ म्हणू पाहतो आणि शास्त्रज्ञ त्याला ‘पुरावा’ या शब्दावर मागे ओढतो. हे कशासाठी, हे समजायला आम्ही नाणी उडवतो. सगळ्यांनी उभे राहायचे, काटा आला की खाली बसायचे. सहाव्या फेरीनंतर एक मुलगा उरला आणि सातव्यांदाही त्याचा छापाच आला, तेव्हा त्याचे नाणे तपासण्याची मागणी झाली. मग हिशेब केला. ४६ जण नाणी उडवत असताना कोणीतरी एक तिथवर पोहोचणे फारसे नवलाचे नाही. निव्वळ योगायोगाने सलग दहा छापे येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. शास्त्रज्ञ ज्याला तीन सिग्मा म्हणतात ती पातळी साधारण तिथेच, ७४० मध्ये एक अशी येते. शोध म्हणायला भौतिकशास्त्रात पाच सिग्मा लागतात, म्हणजे सुमारे ३५ लाखांत एक, जवळजवळ सलग बावीस छापे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरी ती पायरी ओलांडून गेल्या होत्या. २०२३ चे गट तीन-चारच्या आसपास होते. नाण्याचा तो मुलगा त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत बावीस छाप्यांच्या मागे लागला होता.

शुक्राचा तुकडा मी त्यानंतर घेते. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्राच्या ढगांत, जीवसृष्टीशी संबंध जोडला जाणारा फॉस्फीन वायू सापडल्याचे जाहीर झाले, प्रमाण एक अब्ज रेणूंमागे सुमारे २०. पुढे चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या विदा-प्रक्रियेतली चूक लक्षात आली, त्याच गटाने आकडा बराच खाली आणला, आणि इतरांनी तर ती खूण सल्फर डायऑक्साइडचीही असू शकते असे मांडले. वाद अजून मिटलेला नाही. दोन वेगवेगळ्या काळांतल्या चर्चा पाठोपाठ ऐकल्यावर “मग आधी खोटं बोलले का?” हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यावर मी मुद्दाम गप्प बसते. उत्तर बहुधा तिसऱ्या बाकावरून येते.

‘हे परीक्षेला आहे का?’ असे पालक विचारतात. नाही, असे मी सांगते. चाचणीच्या आठवड्यात हा तास गणिताला जातो, त्याची तक्रार करून मी थकले आहे.

यंदा दहावीत गेलेल्या पाच जणांना त्या लहरींवर मराठीतून चर्चा करून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची होती. तिथे गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली. आपल्याकडे शोध लागतो आणि शोध चालूही असतो. इंग्रजीतली शास्त्रज्ञ मंडळी दोन शब्दांत जपून ठेवतात तो फरक आपण एकाच शब्दात कोंबला आहे. ‘पुरावा मिळाला’ म्हटले तर खटल्याचा निकाल लागल्यासारखे वाटते, असे एकीचे म्हणणे. ‘संकेत’ त्यांना सरकारी वाटला. पाऊण तास हुज्जत घातल्यावर, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “चाहूल म्हणूया ना.” ध्वनिमुद्रणात ते वाक्य आहे: “शास्त्रज्ञांना गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीची चाहूल लागली आहे.” त्याच्या मागे शाळा सुटल्याची घंटा ऐकू येते. ती काढून टाकायला मुलांनी नकार दिला.