बुटक्या खांबाचा अँटेना

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ-संपर्काचा परवाना आहे. पावसाळ्याआधी विद्यार्थ्यांना घेऊन मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. मोबाइल बंद पडला तर अमरावतीशी बोलता येईल का, एवढंच बघायचं होतं. हातातला व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) सेट तिथे कामाचा नाही. त्याच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि मध्ये सातपुड्याच्या रांगा.

म्हणून 7.1 मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधून जोडलेला दोन तारांचा अँटेना बांधला. तरंगलांबी 42 मीटर, तिची अर्धी 21; प्रत्यक्षात तार त्याहून पाचेक टक्के कमी लागते. म्हणजे दोन भुजा, प्रत्येकी सुमारे 10 मीटर. एकीला कोॲक्स केबलची (सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलची) आतली तार जोडायची, दुसरीला तिच्याभोवतीची जाळी. वायरिंगचीच तार घेतली आणि प्रत्येक भुजा मुद्दाम 10.3 मीटर ठेवली, कारण कापणं सोपं, जोडणं कटकटीचं.

शाळेच्या पटांगणात सात मीटरचा बांबू उभारला, भुजा दोन्हीकडे उतरत्या ताणल्या. आमच्या गाडीचे चालक दादा म्हणाले, "सर, टॉवर त उंच असते. हा एवढासा बांबू कायले?"

प्रश्न नेमका होता. लांबच्या देशांशी बोलायचं तर तार उंचच हवी. पण पाव तरंगलांबीपेक्षा खाली टांगलेली तार बहुतेक शक्ती सरळ वर फेकते आणि दिवसा अडीच-तीनशे किलोमीटरवरचा आयनांबराचा (वातावरणातल्या विद्युतभारित भागाचा) थर ती खाली परतवतो. पाइपाचं तोंड आभाळाकडे धरलं की पाणी आपल्याच आजूबाजूला पडतं, तसं. डोंगर वाटेत येतच नाही.

मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप; कमी तेवढं चांगलं) सर्वांत कमी दिसला तो 6.9 मेगाहर्ट्झला. तार लांब होती. पोरांनी वहीत त्रैराशिक मांडलं, दोन्ही भुजांतून 29-29 सेंटीमीटर कापले आणि सुई 7.1 ला खाली बसली. हे सूत्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितो. पक्कडीने ते खरं होताना बघणं निराळंच.

परवाना असलेल्या विद्यार्थिनीने हाक दिली. अमरावतीहून स्वच्छ उत्तर आलं, "फाइव्ह नाइन!" म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार. मागोमाग नागपूरचं स्टेशनही आलं.

मुख्याध्यापकांनी मापं लिहून घेतली. त्यांना बजावलं, टोकं मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. प्रक्षेपण चालू असताना सर्वाधिक व्होल्टेज तिथेच असतं.

अंधार पडल्यावर अमरावती ऐकू येईना. रात्री तो थर विरळ होतो, 7 मेगाहर्ट्झच्या लहरी त्याला भेदून निघून जातात. तेव्हा 3.5 मेगाहर्ट्झ लागतो, म्हणजे दुप्पट तार. पुढच्या खेपेला तीही नेणार आहोत.