आवडतो म्हणून, की चालतो म्हणून?

"हा विषय तुला आवडतो म्हणून घेतेयस, की तुझ्या विद्यापीठात चालतो म्हणून?"

माझी यादी वाचता वाचता समन्वयक बाईंनी अगदी सहज विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

युरोपात एक्स्चेंजवर, म्हणजे आपल्या विद्यापीठातून काही काळ इथल्या विद्यापीठात शिकायला आलं की सेमिस्टरला साधारण ३० ईसीटीएस (अभ्यास मोजायची युरोपातली सामाईक पद्धत) क्रेडिट घ्यायचे असतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. त्यात लेक्चर आलं, वाचन आलं, परीक्षेची तयारीही आली. म्हणजे ६ क्रेडिटचा एकच विषय माझे किमान १५० तास घेणार. आणि मी निवडलेले पाचही विषय आमच्याकडे आधीपासून शिकवले जातात. नावं जुळली की क्रेडिट विनातक्रार मान्य होतात, एवढाच हिशोब.

भाषांच्या इतिहासाचा एक विषय पहिल्या दिवसापासून मनात होता. आमच्याकडे तो कुणीच शिकवत नाही. नेमका म्हणूनच मी तो खोडला होता.

संध्याकाळी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (इथे कुठले विषय घेणार याचा करार) पुन्हा उघडलं. बदलाला माझ्यासकट दोन्ही विद्यापीठांची संमती लागते. विनंती पाठवलीय, उत्तराची वाट बघतेय.

केवळ जुळत नाही म्हणून तुम्ही कुठला विषय सोडलात?