शेवटच्या कड्याचं तापमान

जुलै महिना, रत्नागिरीत सकाळपासून पावसाची झोड. या दिवसांत किनाऱ्यावरच्या दुर्बिणी झाकूनच ठेवाव्या लागतात. क्ष-किरणांच्या कामाला मात्र पावसाची अडचण नाही, कारण ते वातावरणातून खाली पोचतच नाहीत आणि टिपायला उपग्रहच लागतो. एक्सएमएम-न्यूटन हा असाच एक क्ष-किरण उपग्रह, डिसेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेला. त्याची जुनी निरीक्षणं कुणालाही उतरवून घेता येतात.

समोर होता एक दीर्घिकासमूह. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो, आणि त्याचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानापेक्षा जास्त भरतं. केंद्राभोवती कडी आखायची, प्रत्येक कड्याचा वर्णपट काढायचा, त्यावरून तापमान. तापमानावरून पुढे समूहाचं एकूण वस्तुमान निघतं, म्हणून इथे चूक परवडत नाही.

"मॅडम, शेवटचं कडं बघा. ९.८ आलंय."

"त्याच्या आतलं?"

"५.५. इथे शॉक, म्हणजे धक्क्याची लाट, असेल का?"

वायूचं तापमान इथे केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) या ऊर्जेच्या एककात सांगतात. ९.८ केईव्ही म्हणजे ११ कोटी केल्विनच्या वर. हे कडं केंद्रापासून ८ ते ११ कलांवर होतं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). इतक्या बाहेर तापमान उतरायला हवं. दोन समूह आदळले की शॉक येतो हे खरं, पण तो एका बाजूला कमानीसारखा दिसतो आणि तिथे वायूची चमकही एकदम बदलते. कड्याचे चार भाग करून पाहिले, तर चारही सारखेच तापलेले आणि चमक सगळीकडे सलग. शिवाय उपग्रहावरच्या तीन कॅमेऱ्यांपैकी दोन मॉस कॅमेरे ९.८ दाखवत होते, तर तिसरा, पीएन, ६ च्या आसपास. आकाशातली गोष्ट तिन्ही कॅमेऱ्यांना सारखी दिसायला हवी.

बाहेरच्या कड्यात समूहाचा प्रकाश थोडा आणि पार्श्वभूमी फार. मिरकरवाड्याच्या लिलावात बर्फासकट टप तोलला, तर बर्फाचं वजन नेमकं माहीत असल्याशिवाय मासळीचं कळत नाही. आणि या टपात तर बहुतेक बर्फच. त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे कमी ऊर्जेचे प्रोटॉन. दुर्बिणीचे आरसे क्ष-किरणांसारखे त्यांनाही गोळा करून डिटेक्टरवर आणून टाकतात. त्यांचा वर्णपट वरच्या ऊर्जेकडे सपाट असतो, म्हणून मॉडेलला वायू जास्त तापलेला वाटतो.

नेहमीची गाळणी आम्ही लावलेली होती: १० केईव्हीच्या वरचा लाइटकर्व्ह (नोंदींचा दर वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख), १०० सेकंदांचे बिन म्हणजे तुकडे, मॉससाठी सेकंदाला ०.३५ नोंदींच्या वरचा वेळ बाद. उंच उसळ्या त्यात गेल्या होत्या. लाइटकर्व्ह मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं, की पहिल्या अर्ध्यात पातळी ०.१७ आणि दुसऱ्या अर्ध्यात ०.२८. उसळी नाही, नुसती चढलेली सपाट रेघ. ०.३५ च्या चाळणीतून ती सहज निसटते.

अशा वेळी डिटेक्टरचे कोपरे बघावेत. तिथे आकाश दिसत नाही आणि आरशांतून आलेले प्रोटॉनही पोचत नाहीत. फक्त जोरदार वैश्विक कणांच्या नोंदी होतात. मधलं १० कलांचं वर्तुळ सोडून उरलेल्या भागातला वरच्या ऊर्जेचा दर घ्यायचा आणि कोपऱ्यांतल्या दराने भागायचा, दोन्ही दर क्षेत्रफळाच्या हिशेबाने. १.१५ च्या आत आला तर निरीक्षण स्वच्छ, १.३ च्या पुढे गेला तर फार दूषित. आमचा आला १.३७. मॉस-१ चे दोन सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या चिप) २००५ आणि २०१२ साली निकामी झाले आहेत, त्यामुळे त्याचं क्षेत्रफळ वेगळं मोजावं लागलं. तेवढ्यात लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर एकच मशीन चालू ठेवलं.

दुसरा अर्धा भाग सरळ कापला. ३८ हजार सेकंदांतले २१ हजार उरले आणि गुणोत्तर १.१२ झालं. उरलेल्या प्रोटॉनांसाठी मॉडेलमध्ये पॉवर लॉ (ऊर्जेच्या ठरावीक घाताने बदलणारा साधा वर्णपट) घातला, पण आरशांच्या प्रभावी क्षेत्रफळाची, म्हणजे कोणत्या ऊर्जेला आरसे किती प्रकाश गोळा करतात त्याची, फाइल त्याला लावली नाही. ती क्ष-किरणांसाठी मोजलेली असते. प्रोटॉनांना लावली की सपाट वर्णपटाचा आकारच बिघडतो.

पीएनच्या वर्णपटात ८.०५ केईव्हीला एक टोकदार रेषाही होती. "ही लोखंडाची का?" नाही. लोखंडाची रेषा ६.७ ला असते, आणि ताम्रसृतीने (समूह आपल्यापासून दूर जात असल्याने) ती खालीच सरकते. या समूहात ६.१ ला. ८.०५ ची रेषा कॅमेऱ्यामागच्या बोर्डावरच्या तांब्याची. त्या बोर्डाला मध्ये भोक आहे, म्हणून डिटेक्टरच्या मध्यात ती दिसत नाही आणि कडेला ठळक दिसते.

संध्याकाळी पुन्हा फिट केलं. शेवटचं कडं ४.३, त्रुटी दोन्हीकडे ०.९, आणि तिन्ही कॅमेरे जुळले. वेळ कापल्यामुळे आलेखात या बिंदूची त्रुटीची काठी बरीच लांब दिसते. ती तशीच ठेवली, आणि याच समूहाचं दुसरं निरीक्षण उतरवायला लावलं.