नऊ मे, संध्याकाळी सहा

मे महिन्यात नगरला कार्यक्रम ठेवू नये, असं आमच्या भजन मंडळाला दर वर्षी कुणी ना कुणी सांगतंच. लग्नसराई असते, मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात, पारा चाळिशीपार असतो आणि पाण्याची सोय आठवडाभर आधी बघावी लागते. सगळं खरं आहे. पण आमचे ख्रिस्ती मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले ते ९ मे १९१९ रोजी, म्हणून आम्ही ९ मे सोडत नाही. मध्यंतरी जयंतीचा विचार पुढे आला होता. जयंती ६ डिसेंबरची. त्या दिवशी आमच्यातल्या कितीतरी घरांतली माणसं, नाहीतर त्यांचे भाऊबंद, चैत्यभूमीला जातात. तो बाबासाहेबांचा दिवस. त्यावर दुसरं काही ठेवायचं आमच्या कुणाच्या मनाला पटलं नाही. शिवाय चर्चमध्ये नाताळच्या तालमी लागलेल्या असतात. तेव्हा उन्हाळाच बरा.

मी या मंडळात सून म्हणून आले. सासूबाई पहिल्या ओळीत टाळ घेऊन बसायच्या. त्यांच्या मागे वर्गणीची वही आणि हजेरीची वही माझ्याकडे आली, ती अजून माझ्याकडेच आहे. कोण येतं, कोण येत नाही, हे मला वही न उघडता सांगता येतं.

सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही दफनभूमीत जमतो. टिळकांनी देह ठेवला मुंबईत, पण त्यांची समाधी आमच्या नगरला आहे. फुलं वाहायची, एक भजन म्हणायचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची, एवढंच असतं. दगडावर त्यांचीच ओळ आहे : ‘पुष्कळ अजुनी उणा, प्रभु मी, पुष्कळ अजुनी उणा’. आयुष्यभर लिहिलेल्या एवढ्या गाण्यांतून माणसानं स्वतःच्या समाधीसाठी ही ओळ निवडावी, याचा विचार मी दर वर्षी तिथं उभी राहून करते.

संध्याकाळचा कार्यक्रम सहाला सुरू होतो. प्रार्थना, शास्त्रवाचन, पाहुण्यांचा परिचय, हार, मंडळाचा अहवाल. अहवाल मीच वाचते आणि भराभर वाचते. मग मुलांचं काव्यवाचन. टिळकांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतात, तेव्हा मुलं नकोत असा टिळकांचा कार्यक्रम होऊच शकत नाही. पिलांसाठी चारा घेऊन निघालेली, शिकाऱ्याचा घाव लागलेली पक्षीण कशीबशी घरट्याकडे येते, ती कविता कुणीतरी म्हणतंच. आमच्या पिढीला ती शाळेत होती. आताची मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना आज्या घरी बसवून पाठ करून घेतात. मुलं अडखळतात आणि मागच्या ओळीतून चार-पाच म्हाताऱ्या एकदम पुढचा शब्द सांगतात. बालकवींचीही एखादी कविता असते. १९०७ साली जळगावला जे कविसंमेलन भरलं, ते टिळकांच्या पुढाकारानं. तिथंच ठोमऱ्यांचा हा मुलगा ‘बालकवी’ म्हणून सगळ्यांपुढे आला आणि पुढे टिळकांच्या घरात घरच्यासारखा वाढला. तो गेला ५ मे १९१८ ला, रेल्वेखाली. टिळक त्यानंतर एकच वर्ष जगले. आमच्या प्रार्थनेत त्याचंही नाव असतं.

आणि मग कीर्तन. खरं म्हणजे मी वर्षभर थांबते ती या दीड तासासाठी.

ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की नगरच्या बाहेरचे लोक चमकतात. आम्हाला त्यात नवल नाही. टिळक नगरला यायच्या आधीच कृष्णराव सांगळ्यांनी इथं ख्रिस्ती कीर्तन रुजवलं होतं. टिळकांनी त्याला अभंगाची गोडी दिली. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमच्याकडे हे नुसतं वाक्य नाही. आमच्या कीर्तनाला पखवाजावर बसतात ते नेवाशाकडचे एक माळकरी बुवा. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथला हा माणूस. एकदा एका पाहुण्यांनी त्यांना विचारलं, “बुवा, तुम्ही इकडे कसे?” बुवा म्हणाले, “अभंग आहे ना? मग मी आहे.” ते बिदागी घेत नाहीत. आम्ही दर वर्षी पाकीट पुढे करतो आणि दर वर्षी ते ते पाकीट मुलांच्या खाऊला देऊन टाकतात.

कित्येक वर्षं कीर्तन करायच्या त्या आमच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, पांढरी साडी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. बोलताना आवाज बसल्यासारखा वाटायचा, गाताना कुठून यायचा कोण जाणे. पूर्वरंगात तुकोबांचा अभंग आणि टिळकांचा अभंग शेजारी शेजारी ठेवायच्या. उत्तररंगाला आख्यान टिळकांचं. १८९३ साली आगगाडीतून जाताना भेटलेला तो गोरा प्रवासी, संस्कृत काव्यावर झालेल्या गप्पा, त्यानं हातात दिलेला नवा करार आणि ‘दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ हे त्याचं बोलणं. मग त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना पुस्तक खाली ठेवता न येणं. मग १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत बाप्तिस्मा.

इथं बाई थांबायच्या. चिपळ्या खाली ठेवायच्या, पदर नीट करायच्या आणि म्हणायच्या, “आता माझ्या लक्ष्मीचं ऐका.”

टिळकांचं आख्यान पुष्कळजण सांगतात. पण नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, काय झालं, हे बाईंनीच आम्हाला दाखवलं. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून संसार मोडलेला, जग काय बोलेल ते बोलतंय, आणि माहेरची माणसं सांभाळताहेत. काही वर्षं असा वियोग. टिळक पत्रं धाडत, कविता धाडत. मग ती त्यांच्याकडे आली तीसुद्धा आपलं सोवळं घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी. टिळकांनी एका शब्दानं बळजबरी केली नाही. हे सांगताना बाई प्रत्येक शब्दावर बोट ठेवल्यासारखं बोलायच्या : बळजबरी केली नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, हे लक्ष्मीनं स्वतःशी विचार करून ठरवलं आणि एकदा ठरल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायली. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनानं.

आमच्या मंडळीतल्या बहुतेकांच्या पणज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. त्यांच्या नाती, पणत्या समोर बसलेल्या असायच्या. बाई पाण्याचा तो प्रसंग सांगायला लागल्या की मांडवात हालचाल थांबायची. सासूबाई त्या वेळी टाळ मांडीवर ठेवून डोळे मिटून घ्यायच्या. मी पुढे त्यांच्या जागेवर बसू लागले आणि मला कळलं की डोळे उघडे ठेवणं जमत नाही.

त्यानंतर शेवटचा भाग. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथं बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा. पंचावन्नाव्या वर्षी बांधलेलं घरटं सोडायचं आणि तेही घरचे सगळे समोर असताना, हे सोपं नव्हे. बाई त्याचं नुसतं कौतुक करत नसत. लक्ष्मीबाईंना पुन्हा काय सोसावं लागलं, तेही सांगत. आणि मग ख्रिस्तायन. टिळकांनी सुरू केलेलं महाकाव्य त्यांच्या मृत्यूनं अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, जिला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं गिरवायला शिकवली होती. बाई इथं हात जोडायच्या. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे सगळ्यांना माहीत असायचं.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. सध्या कीर्तन करतात त्यांचे शिष्य, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत. आवाज बाईंपेक्षा चांगला, पाठांतर पक्कं. पूर्वरंग जरा घाईनं उरकतात आणि विनोद जास्त घालतात, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पण ‘आता माझ्या लक्ष्मीचं ऐका’ हे वाक्य ते म्हणत नाहीत. ‘आता बाईंच्या लक्ष्मीचं ऐका’ असं म्हणतात. त्यांनी ते कुणाला न विचारता केलं आणि त्याबद्दल माझ्या मनात त्यांना फार मोठी जागा आहे.

आता हजेरीचं बोलते. आमच्याकडे कीर्तनाच्या आधी उठून जाणारी मोठी माणसं आहेत. हार घेतात, दोन शब्द म्हणून पंधरा मिनिटं बोलतात, ‘दुसरा कार्यक्रम आहे’ म्हणतात आणि जातात. टिळकांचा गौरव करून टिळकांचं भजन न ऐकता जाणं मला समजत नाही. शहरातले साहित्यातले लोकही असेच. पुण्याहून कुणी नावाजलेला वक्ता आला तर सभागृह भरतं, गावाकडची कीर्तनकार असली की फोन येतो, ‘या वर्षी जमत नाही हो.’ आमच्यातले काही ‘ते त्यांच्या चर्चचे, आपण आपल्या चर्चचे’ असं मनात धरून येत नाहीत. जो माणूस बाप्तिस्मा न झालेल्यालाही आपल्या दरबारात बसवून घेत होता, त्याच्या स्मृतिदिनाला आपण चर्चची पाटी बघून यावं का? तरुण मुलांना कीबोर्ड आणि हिंदी गाणी आवडतात. आवडू द्या, पण रविवारी आपण ‘उपासना संगीत’ हे गाण्यांचं पुस्तक उघडतो तेव्हा पानापानावर कुणाचं नाव असतं, ते एकदा बघा. घरी दिवाणखान्यात टिळकांची तसबीर आणि ९ मेला टीव्हीसमोर, अशी घरं मला माहीत आहेत. नावं लिहीत नाही.

याउलट येणारे कसे येतात ते सांगते. राहुरीची मंडळी दर वर्षी येते. टिळकांचं कुटुंब राहुरीला राहिलं, त्यामुळे त्यांना तो आपल्या घरचा दिवस वाटतो. वडाळ्याहून, सोनईहून, शेवगावहून बायका टेंपोत उभ्या राहून येतात. एक आजी तर गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावरही आल्या, नातवानं खुर्चीसकट उचलून मांडवात ठेवल्या. त्यांनी त्या रात्री साक्ष दिली. त्यांची सासू शेवटच्या दुखण्यात बोलेनाशी झाली होती, माणसं ओळखेना, पण टिळकांचं भजन कानाशी म्हटलं की ओठ हलवायची. एवढंच सांगितलं आणि खाली बसल्या. त्या वर्षी प्रमुख पाहुणे कोण होते, ते मला वही बघून सांगावं लागेल.

ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहतं त्यांचं राहून जायला नको. मुकुंदनगरचे मंडपवाले चाचा, जे भाडं अर्धं घेतात आणि कनातीला स्वतः दोऱ्या बांधतात. पेटीवाले मास्तर, ज्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. टाळकरी भावंडं, दोघंही. माइक सांभाळणारा रिक्षावाला दादा. दफनभूमीतलं गवत आदल्या दिवशी काढणारे तीन भाऊ आणि त्यांची आई. स्त्री मंडळाच्या सगळ्या बायका, ज्या दुपारपासून चुलीपुढे असतात. शिपी आमटी करणाऱ्या काकू, ज्यांचा मसाला दुसऱ्या कुणाला जमत नाही. भाकऱ्या गावांगावांतून फडक्यात बांधून येतात, त्या थापणाऱ्या कितीतरी हातांची मला नावंही माहीत नाहीत, त्यांचेही आभार. पाण्याचा टँकर देणारे कापडदुकानवाले शेठजी, ज्यांनी आपलं नाव जाहीर करू नका म्हणून बजावलं आहे. पत्रिका छापून देणारे छापखानेवाले. चर्चचे राखणदार मामा, जे सगळे गेल्यावर झाडून कुलूप लावतात. लहान मुलांच्या कविता बसवून घेणाऱ्या संडे स्कूलच्या दोघी ताई. हिशेब तपासणारे बँकेतले भाऊ. वीज गेली त्या वर्षी शेजारच्या बंगल्यातून वायर ओढू देणारे डॉक्टर. आणि पाळकसाहेब, ज्यांची बदली झाली तरी नव्या गावाहून एसटीनं आले. कुणी राहिलं असेल तर मला फोन करून रागवा, पुढच्या अहवालात पहिलं नाव तुमचं घेईन.

या वर्षीही ९ मे, संध्याकाळी सहा. आख्यान लक्ष्मीबाईंचंच ठेवा, असं मी गुरुजींना सांगितलं आहे आणि पूर्वरंग सावकाश घ्यायचं त्यांनी कबूल केलं आहे. नेवाशाच्या बुवांचा होकार आला. राहुरीकरांच्या टेंपोचं अजून ठरायचं आहे. कुणाकडे गाडी असेल तर रविवारी उपासनेनंतर मला भेटा. आणि जेवणाआधी कीर्तन आहे, हे ध्यानात ठेवून या.